श्रमाचे मोजमाप

आंत्वान लाव्हाझिए याचा जन्म इ. स. १७४३ मध्ये पॅरिस येथे एका सधन वकिलाच्या घरी झाला. कुळाच्या रीतीप्रमाणे त्याने कायद्याचा अभ्यास पुरा केला. पण त्याचे चित्त रमले ते रसायनशास्त्रात. प्रत्येक वस्तू काट्यावर तोलावी आणि मगच निष्कर्ष काढावा, हा त्याचा बाणा होता.

पदार्थ जळताना त्याचा प्राणवायूशी संयोग होतो, हे त्याने दाखवून दिले. मग प्राण्यांचा श्वासोच्छ्वास हेही एक मंद ज्वलनच असेल काय? १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्याने व लाप्लास या गणितज्ञाने एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला, हे त्यांनी मोजले आणि त्याच्या उच्छ्वासातील वायूशी ते ताडून पाहिले. शरीराची ऊब श्वसनातूनच निर्माण होते, अशी त्यांची खात्री पटली.

पुढे १७९० च्या सुमारास त्याने माणसावर प्रयोग आरंभिले. सेगँ हा तरुण सहकारी त्यासाठी आपण होऊन पुढे झाला. तोंडावर मुखवटा चढवून तो नळीवाटे प्राणवायू घेई; कधी स्वस्थ बसे, तर कधी वजन उचलण्याचे श्रम करी. लाव्हाझिएची पत्नी मारी-आन जवळ बसून टिपणे लिही. उपाशीपोटी स्वस्थ बसलेल्या सेगँला जितका प्राणवायू लागे, त्याच्या अडीचपटीहून अधिक प्राणवायू त्याला श्रम करताना लागला. त्याची नाडीही जलद चालू लागली.

लाव्हाझिए या आकड्यांपाशी थांबला नाही. जो अधिक राबतो त्याचे शरीर अधिक झिजते. म्हणून त्याला अन्नही अधिक हवे. प्रत्यक्षात मात्र कष्टकऱ्याच्या वाट्याला अपुरे अन्न येते आणि स्वस्थ बसणाऱ्या धनिकाला ते विपुल मिळते, ही विपरीत स्थिती त्याने आपल्या निबंधात मांडली.

दैवगती अशी की, राजासाठी कर गोळा करणाऱ्या मंडळीत तो स्वतः भागीदार होता. ते कर लोकांना जाचक वाटत. राज्यक्रांतीच्या काळात त्या मंडळींवर खटला भरला गेला आणि ८ मे १७९४ रोजी इतर भागीदारांबरोबर लाव्हाझिएचाही शिरच्छेद झाला.

आजही जोर-बैठका काढताना किती ऊर्जा खर्च होते, हे ठरविण्यासाठी शास्त्रज्ञ श्वासातील प्राणवायू मोजतात. एक लिटर प्राणवायू खर्च झाला, की सुमारे ५ किलोकॅलरी ऊर्जा खर्च झाली, असा हिशेब आहे. घाम गाळणाऱ्याला पोटभर अन्न मिळाले पाहिजे, ही गोष्ट केवळ दयेची नसून शरीराच्या गरजेची आहे, हे लाव्हाझिएच्या मोजमापाने जगाला शिकविले.