सँडोची साधनं सोडून सूर्यनमस्कार धरणारा औंधचा राजा

राजा म्हटलं की गादी, लोड आणि बसून खाणं. साताऱ्याकडच्या औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचं मात्र उलटं होतं.

जन्म १८६८ चा. १८९७ च्या सुमारास त्यांनी जगप्रसिद्ध बॉडीबिल्डर युजीन सँडोची पुस्तकं आणि साधनं मागवली अन् सुमारे दहा वर्षं तोच व्यायाम केला. मग मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. साधनं नकोत, जागा सतरंजीएवढी.

१९०९ ला गादीवर आल्यावर त्यांनी संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले. मुलींनाही! आजार झाल्यावर औषध शोधण्यापेक्षा तो होऊच नये, हा त्यांचा हट्ट. नमस्कारांबद्दलचे त्यांचे सगळेच दावे आजचे डॉक्टर मानणार नाहीत. पण रोजच्या व्यायामाने मधुमेह, रक्तदाब, हृदयविकाराचा धोका कमी होतो, हे तेही सांगतात.

१९३६ ला, सदुसष्टीच्या घरात, महाराज इंग्लंडला गेले. तिथल्या पत्रकार लुईस मॉर्गन यांना नमस्कारांनी भुरळ घातली आणि १९३८ मध्ये त्यांनी संपादित केलेलं महाराजांचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघालं.

१९५१ ला बाळासाहेब गेले, तेव्हा वय होतं ८२.