एल्विन, बैगा आणि जंगलातला कार्बन

व्हेरियर एल्विन १९२७ मध्ये इंग्लंडहून पुण्यात आले, ख्रिस्ती सेवेसाठी. १९३२ मध्ये ते मंडला भागात राहायला गेले नि धर्मप्रचार मागेच पडला. तिथले बैगा ‘बेवर’ करायचे: जंगलाचा तुकडा तोडायचा, जाळायचा, राखेत पेरायचं, दोन-तीन वर्षांनी सोडून द्यायचा. ब्रिटिशांनी ही फिरती शेती फक्त बैगाचक भागापुरती ठेवली. १९३९ च्या ‘द बैगा’ पुस्तकात एल्विन यांनी बैगांची बाजू घेतली. मुंबई विद्यापीठातल्या गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये त्यांच्या विचारांना विरोध केला.

मी कांजूरमार्गला बसून मोबाइलवर सॅटेलाइट नकाशा झूम करतो; एल्विन यांच्याकडे कार्बनचा एकही आकडा नव्हता. आज खोडाच्या मापावरून झाडाचं वजन काढतात. कोरड्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बन. बेवरमध्ये नांगर नसतो, म्हणून खुंट जिवंत राहतात, त्यांना फुटवे येतात. लॅटिन अमेरिकेत, शेती सोडल्यावर पुन्हा वाढलेल्या जंगलांचा अभ्यास २०१६ मध्ये आला. जुन्या जंगलाच्या ९० टक्के वजन परतायला तिथे साधारण ६६ वर्षं लागतात. एवढी वर्षं मिळायला जागा लागते, आणि लोकांना एकाच भागात कोंडलं की तोच तुकडा लवकर जाळावा लागतो. घुर्ये-एल्विन वादात हा हिशोब कुणाच्याच हातात नव्हता, याचं मला वाईट वाटतं.

एल्विन १९५४ मध्ये भारतीय नागरिक झाले. १९६४ मध्ये दिल्लीत वारले.