फिरोजशहा मेहता आणि मुंबईची तिजोरी

मुंबई महापालिकेच्या मुख्य इमारतीसमोर सर फिरोजशहा मेहता यांचा पुतळा उभा आहे. त्या इमारतीचा हिशेबही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १८८४ साली लॉर्ड रिपन यांच्या हस्ते तिची कोनशिला बसली; प्रत्यक्ष काम १८८९ मध्ये सुरू होऊन १८९३ मध्ये पुरे झाले. मंजूर रक्कम होती ११ लाख ८८ हजार ८२ रुपये. खर्च झाला ११ लाख १९ हजार ९६९ रुपये. म्हणजे मंजुरीपेक्षा ६८ हजार ११३ रुपये कमीच. सार्वजनिक बांधकाम मंजूर रकमेच्या आत उरकावे, याचे आज नवल वाटते. परंतु त्या काटकसरीपेक्षा तिच्यामागील व्यवस्था अधिक मोलाची आहे. पैसा मंजूर करणारा एक, खर्च करणारा दुसरा आणि हिशेब तपासणारा तिसरा, ही शिस्त मुंबईत रुजविण्याच्या कामात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, त्यांचा पुतळा नेमका तेथे असावा, हे उचितच म्हटले पाहिजे.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका पारशी व्यापाऱ्याच्या घरी झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते एम. ए. झाले आणि कायद्याच्या अभ्यासासाठी विलायतेस गेले. तेथे त्यांना दादाभाई नवरोजींचा सहवास लाभला. १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन ते परतले, तेव्हा मुंबईची कळा पालटली होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या भावाने शहरात सोन्याचा पाऊस पाडला होता. १८६५ मध्ये युद्ध संपताच शेअरबाजार कोसळला आणि पेढ्या बुडाल्या. शहर श्रीमंतीच्या सवयी घेऊन दारिद्र्यात उतरले होते.

नगरपालिकेची नवी घटना अमलात आली तीही नेमकी १८६५ मध्येच. सरकारने नेमलेले ‘जस्टिस ऑफ द पीस’ हे नाममात्र धनी आणि सारी कार्यकारी सत्ता एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती, अशी ती रचना होती. कमिशनर झाले आर्थर क्रॉफर्ड. हा गृहस्थ विलक्षण कर्तबगार होता. गटारे, रस्ते, मंडया यांकडे त्याने झपाट्याने लक्ष दिले. आज महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखली जाणारी क्रॉफर्ड मार्केटची वास्तू ही त्याच काळातली. शहर स्वच्छ होऊ लागले. पण तिजोरी रिती होऊ लागली. मंजुरीची वाट न पाहता पैसा खर्च होई आणि कर वाढत. जस्टिसांना विचारावे, तर ते सरकारने नेमलेले. त्यांनी जाब विचारला नाही म्हणून त्यांना पदावरून दूर करणारा कोणी नव्हता. अखेर १८७१ मध्ये घरमालक व करदाते खवळून उठले आणि क्रॉफर्डना घालवा, अशी मागणी होऊ लागली.

अशा वेळी लोकप्रिय होण्याचा सोपा मार्ग तरुण बॅरिस्टरपुढे मोकळा होता. फिरोजशहांनी तो सोडला. नोव्हेंबर १८७१ मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी एक निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय अवघे सव्वीस होते आणि श्रोते प्रतिकूल होते. क्रॉफर्डच्या कामाची त्यांनी मोकळेपणाने प्रशंसा केली आणि दोषाचे खापर व्यक्तीवर फोडण्याचे नाकारले. त्यांचे म्हणणे असे होते की, दोष रचनेचा आहे. कार्यकारी सत्ता एका जबाबदार अधिकाऱ्याकडेच राहावी, समितीकडे देऊ नये. कारण समितीच्या हाती काम गेले की ते कोणाचेच राहत नाही. मात्र त्या अधिकाऱ्यावर देखरेख ठेवणारी सभा करदात्यांनी निवडलेली असावी आणि हिशेबाची तपासणी स्वतंत्र असावी. सुधारणांसाठी लागणारा पैसा थांबवा, असे त्यांनी म्हटले नाही. तो खर्च करणाऱ्याला उत्तरदायी करा, असे म्हटले. उधळपट्टीवरचा उपाय कंजूषपणा नव्हे, हा भेद त्या गदारोळात फार थोड्यांना उमगला.

पुढील वर्षीच्या कायद्याची दिशा बरीचशी हीच होती. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची महापालिका आली. त्यांपैकी बत्तीस करदात्यांनी निवडावयाचे होते. आर्थिक देखरेखीसाठी बारा जणांचे नगरमंडळ नेमले गेले. पुढे १८८८ चा कायदा झाला, तेव्हा फिरोजशहा आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे दोघेही कायदे कौन्सिलात होते, आणि त्या कायद्याच्या घडणीत फिरोजशहांचा हात मोठा होता. त्याने नगरमंडळाच्या जागी स्थायी समिती आणली. दुरुस्त्या होत होत तो कायदा मुंबईत आजही चालू आहे.

त्याची यंत्रणा समजून घेण्याजोगी आहे. अंदाज कमिशनरने तयार करावयाचे, स्थायी समितीने ते तपासून अंदाजपत्रक महापालिकेपुढे मांडावयाचे आणि महापालिकेने ते मंजूर करावयाचे. अंदाजपत्रकात तरतूद नसेल, तर पैसा खर्ची घालता येत नाही. पाच हजार रुपयांवरील कंत्राटाला स्थायी समितीची पूर्वसंमती लागे. कर्ज काढावयाचे तर महापालिकेचा ठराव आणि शिवाय सरकारची परवानगी हवी. हिशेबाची तपासणी वर्षाअखेरची वाट न पाहता आठवड्याच्या आठवड्याला व्हावी, अशी तरतूद होती. म्हणजे खर्चापूर्वी एक चाळणी, खर्च होत असताना दुसरी आणि खर्चानंतर तिसरी.

ही सारी कटकट कशासाठी, असे कोणी विचारील. भांडवली खर्चाचे स्वरूप हे त्याचे उत्तर आहे. रस्ते झाडण्याच्या खर्चात यंदा चूक झाली, तर पुढल्या वर्षी ती सुधारता येते. धरण, गटार वा पूल यांत चूक झाली, तर ती दगडात कायम होते आणि तिचे व्याज पुढची पिढी फेडते. फिरोजशहांच्या काळातच ठाणे जिल्ह्यातील तानसाचा प्रचंड बांध उभा राहिला आणि १८९२ मध्ये तेथील पाणी मुंबईत आले. ते पाणी आजही शहर पिते. अशा कामाला हात आखडून चालत नाही आणि डोळे मिटूनही चालत नाही.

१८८४, १८८५, १९०५ व १९११ असे चार वेळा ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. काँग्रेसचे अध्यक्षपद, कौन्सिलातील वादविवाद, विद्यापीठ अशी त्यांची कार्यक्षेत्रे अनेक. पण महापालिकेच्या कागदपत्रांचा कंटाळा त्यांनी कधी केला नाही. पोलिसांच्या खर्चाचा बोजा शहरावर का, यावर ते सरकारशी वर्षानुवर्षे भांडले. १९०७ मध्ये तो बोजा सरकारने उचलला आणि प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदत यांचा अधिक भार महापालिकेकडे आला. त्याच वर्षी काही युरोपियन अधिकारी व पत्रकारांनी गट बांधून त्यांना पाडण्याचा घाट घातला. जस्टिसांनी निवडावयाच्या सोळा जागांच्या निवडणुकीत त्यांचा क्रमांक सतरावा लागला. पुढे एका विजयी उमेदवाराची निवड रद्द ठरल्याने ते पुन्हा सभागृहात आले.

विरोधकांच्या आक्षेपात तथ्य मुळीच नव्हते, असे म्हणता येणार नाही. त्यांचा दरारा एवढा की, सभागृह पुष्कळदा त्यांच्याच मताने चाले. शिवाय मताचा हक्क होता तो मूठभर करदात्यांना. गिरणीत राबणाऱ्या मुंबईला त्या सभागृहात स्थान नव्हते. पण ५ नोव्हेंबर १९१५ रोजी ते निवर्तले, तेव्हा मागे राहिली ती त्यांची हुकमत नव्हे, तर कायद्याची चौकट. मताधिकार रुंदावत गेला, तसे त्या चौकटीत गरिबाचाही प्रतिनिधी बसू शकला.

ही चौकट निर्जीव कशी होते, हे मुंबईने अलीकडे पाहिले. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ निवडलेले सभागृह नव्हते, स्थायी समिती नव्हती. आयुक्त हेच प्रशासक. २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचे होते आणि त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम भांडवली कामांसाठी होती. ते मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच. तो अधिकारी किती प्रामाणिक वा कार्यक्षम, हा येथे प्रश्नच नव्हे. क्रॉफर्डही कार्यक्षम होता. नगरसेवक तरी कोठे धुतल्या तांदळासारखे असतात, असे यावर म्हटले जाते, आणि स्थायी समितीचा इतिहास पाहता ते खोटे नाही. पण वाईट नगरसेवकाला पाच वर्षांनी घरी पाठविता येते. रिकाम्या सभागृहाला कोठे पाठविणार?

शिक्षक, कारकून, विद्यार्थी यांना अंदाजपत्रक म्हणजे रुक्ष आकड्यांचे बाड वाटते. सव्विसाव्या वर्षी फिरोजशहांनी त्याच आकड्यांत नागरिकत्वाचा प्रश्न ओळखला. आपल्या प्रभागातील पूल कोणी मंजूर केला, त्याची रक्कम किती वेळा वाढली आणि प्रत्येक वेळी ती कोणत्या कारणाने वाढली, एवढे तीन प्रश्न मतदाराने आपल्या नगरसेवकाला नेमाने विचारावेत. १८८८ च्या कायद्याने नगरसेवकाला कमिशनरकडून उत्तर मागण्याचा अधिकार दिला. नगरसेवकाकडून उत्तर मागण्याचे काम मात्र त्याने मतदारावरच सोपविले आहे.