बुलढाण्याच्या ताराबाई

सिंदखेडराजा म्हटलं की जिजाऊ, शेगाव म्हटलं की गजानन महाराज आणि लोणार म्हटलं की सरोवर, हे आपल्या जिल्ह्यातलं शाळकरी पोरही सांगेल. पण बुलढाणा म्हटलं की ताराबाई शिंदे, असं चटकन म्हणणारं मला अजून फारसं कुणी भेटलं नाही. कॉलेजात मराठी घेतलेल्या मुलींना नाव ठाऊक असतं, तेही परीक्षेपुरतं. म्हणून आज त्यांच्याविषयी.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमारास बुलढाण्याचा. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचं होतं, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांच्या हातात होता. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, आणि जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे. घर मराठ्यांचं, रीतभात कडक. तरीही बापूजींनी या लेकीला मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. लग्न मात्र त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लवकर झालं. नवरा घरजावई म्हणून आला. मूलबाळ झालं नाही.

१८८१ साली सुरतेत एक खटला गाजला. विजयालक्ष्मी नावाची तरुण ब्राह्मण विधवा. तिला दिवस गेले, आणि अब्रूच्या भीतीने तिने जन्मलेलं मूल मारलं. कोर्टाने फाशी सुनावली. पुढे ती जन्मठेपेवर आली आणि शेवटी पाच वर्षांवर. पण वर्तमानपत्रांना विषयच मिळाला. बायकाच कशा वाईट चालीच्या, शिकून कशा बिघडल्या, यावर रकाने भरले गेले. पुण्याचं ‘पुणे वैभव’ त्यात पुढे होतं. त्या बाईला या दशेला नेणारा पुरुष कोण, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

इथे कायद्याची गंमत बघा. १८२९ मध्ये सरकारने बंगाल इलाख्यात सतीची चाल बंद केली. १८५६ मध्ये विधवेला पुन्हा लग्न करायची मुभा दिली. मुभा दिली खरी, पण लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क गेला! आणि १८५८ मध्ये व्हिक्टोरिया राणीने जाहीर केलं, की सरकार रयतेच्या धर्मात हात घालणार नाही. ऐकायला किती छान! पण विजयालक्ष्मीच्या बाबतीत याचा अर्थ काय झाला? धर्माच्या नावाने समाज म्हणाला, दुसरं लग्न करायचं नाही. सरकार म्हणालं, तो तुमच्या घरचा प्रश्न. आणि पाय घसरला तेव्हा तेच सरकार फासाचा दोर घेऊन दारात उभं राहिलं. सरकार धर्मापासून लांब राहिलं, बाईपासून नाही.

हाच अन्याय ताराबाईंना बोचला. १८८२ मध्ये त्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. पुस्तक अगदी लहानसं, पण भाषा अशी की वाचताना झणका बसतो. बायकांवर जे जे दुर्गुण लादले जातात, ते एकेक घेऊन त्यांनी पुरुषांच्या पदरात टाकले. नवऱ्याला देव मानायचं तर त्याने देवासारखं वागायला नको का, हा त्यांचा सवाल. बायको मेली की बाप्या लगेच बोहल्यावर चढतो, तिथे धर्म बुडत नाही. मग बाईच्याच लग्नाने कसा बुडतो? त्यांनी देव नाकारला नाही, उलट देवालाच जाब विचारला. नियम करणारे सगळे पुरुष आणि पाळणाऱ्या सगळ्या बाया, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

लोक चिडले. सत्यशोधक मंडळींतही नाकं मुरडली गेली. १८८५ मध्ये ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली ती खुद्द जोतिरावांनी. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्याला मिळत नाही. १९१० च्या सुमारास त्या गेल्या. पुस्तकही विस्मरणात गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केलं. १९९४ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर आलं आणि बुलढाण्याची ही बाई जगभरच्या विद्यापीठांत पोचली.

मला वाटतं, ताराबाईंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आपल्याला १९५० ची २६ जानेवारी उजाडावी लागली. घटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला आपल्या मनाप्रमाणे धर्म मानायचं, पाळायचं स्वातंत्र्य दिलं. प्रत्येकाला, म्हणजे बाईलासुद्धा. फक्त पंचांना किंवा घरातल्या कर्त्या पुरुषाला नाही. २७ वं कलम सांगतं, एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कुणाकडून कर घ्यायचा नाही. २८ वं सांगतं, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण द्यायचं नाही. पण राणीच्या सरकारसारखं हात झटकून बसायलाही घटनेने सांगितलं नाही. समाजसुधारणेसाठी कायदा करायची वाट त्याच २५ व्या कलमात मोकळी ठेवली. त्या वाटेने बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल आणलं, ते अडलं म्हणून १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. पुढे १९५५ आणि १९५६ मध्ये लग्नाचे, वारसाहक्काचे कायदे झाले, तेव्हा कुठे हिंदू बाईच्या हाती काही आलं.

आता कायदा आहे, पण कायदा घराघरात कुंकू लावायला येत नाही. आमच्या गल्लीतल्या एक काकू नवरा गेल्यापासून संक्रांतीला दार लावून आत बसतात. त्यांना कुणी मनाई केलेली नाही; फक्त बोलावणंच जात नाही. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला, की बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं आमच्याकडे बंद. सरकारनेही मग इतर ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. ठराव गावाचा असला तरी वाण द्यायचं ते आपल्याच हातांनी.

तर यंदाच्या संक्रांतीला यादी करताना एक काम करा. पाळायचं ते सगळं पाळा, देवधर्म सोडा असं ताराबाईंनीही म्हटलं नव्हतं. फक्त हा नियम कुणी केला आणि त्याचा भार कुणावर पडतो, एवढं एकदा विचारा. आणि जिचं नाव आपण दरवर्षी गाळतो, ते सगळ्यात वर लिहा.