गणितसारसंग्रहकार महावीराचार्य

महावीर हे नाव कानी पडताच आपले हात जोडले जातात ते भगवान वर्धमान महावीरांसाठी, आणि ते यथोचितच आहे. परंतु भगवंतांच्या निर्वाणानंतर सुमारे चौदा शतकांनी याच नावाचे एक आचार्य दक्षिण भारतात होऊन गेले, ज्यांचे ऋण शाळेत एकक, दशक, शतक म्हणणाऱ्या प्रत्येक बालकावर आहे. गणिताच्या इतिहासाचे अभ्यासक त्यांना देशोदेशी ओळखतात. आपल्या घराघरांतून मात्र त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते, आणि घेतले तरी त्यांनी घातलेले एखादे उदाहरण सोडवून पाहिले जात नाही. त्या महावीराचार्यांचे हे अल्प चरित्र सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहे.

आचार्यांचा काळ इसवी सनाच्या नवव्या शतकाचा. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग इ. स. ८१४ मध्ये लहान वयातच सिंहासनावर बसला आणि साठाहून अधिक वर्षे त्याने राज्य केले. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातले कागिणा नदीकाठचे आजचे मळखेड. आपला महाराष्ट्रही त्याच राज्यात होता. हा काळ जैन वाङ्मयाच्या वैभवाचा होता. वीरसेनाचार्यांची धवला टीका, जिनसेनाचार्यांनी इ. स. ८३७ मध्ये पूर्ण केलेली जयधवला आणि त्यांचेच आदिपुराण ही सारी याच सुमाराची निर्मिती. कन्नड भाषेतील कविराजमार्ग हा आद्य उपलब्ध ग्रंथही याच दरबारातला. अशा विद्याप्रेमी राजवटीत इ. स. ८५० च्या सुमारास दिगंबर परंपरेतील महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याच्या आरंभी त्यांनी प्रथम भगवान महावीरांस वंदन केले आहे आणि नंतर अमोघवर्षाचा गौरव केला आहे.

एका जैन आचार्याने अंकगणितावर ग्रंथ का लिहावा, असा प्रश्न कोणास पडेल. त्याचे उत्तर आपल्या आगमपरंपरेतच आहे. चार अनुयोगांपैकी करणानुयोगात लोकरचनेचा विचार येतो. द्वीप आणि समुद्रांची मापे, पल्य आणि सागरासारखी कालमाने हा सारा विषयच मोठमोठ्या संख्यांचा. त्यामुळे गणित ही आपल्याकडे केवळ दुकानदारीची नव्हे, तर स्वाध्यायाचीही विद्या होती. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये आणि ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये गणित सांगितले ते ज्योतिषग्रंथांतील अध्यायांच्या रूपाने. महावीराचार्यांनी नऊ अधिकारांचा आणि अकराशेहून अधिक श्लोकांचा संपूर्ण ग्रंथ केवळ गणितास वाहिला. व्यापार, पाकशास्त्र, वैद्यक, संगीत, वास्तुविद्या या सर्वांना गणिताचा आधार लागतो, हे त्यांनी पहिल्याच अधिकारात विस्ताराने सांगितले आहे.

त्याच अधिकारात त्यांनी संख्येची स्थाने दिली आहेत, तीही चोवीस. एक, दश, शत, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, शतकोटी, अर्बुद, न्यर्बुद, खर्व, महाखर्व, पद्म, महापद्म, क्षोणी, महाक्षोणी, शंख, महाशंख, क्षिती, महाक्षिती, क्षोभ आणि महाक्षोभ. शेवटचे स्थान म्हणजे एकावर तेवीस शून्ये. (चोवीस ही संख्या पाहून मन तीर्थंकरांकडे जाते, पण तसा संबंध जोडण्याचा मोह आवरलेला बरा.) पुढे इ. स. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी लीलावतीत अठरा स्थाने सांगितली, आणि त्यांतील खर्व, पद्म यांच्या जागा महावीराचार्यांच्या क्रमाहून वेगळ्या आहेत. नावे ग्रंथागणिक बदलली, पण डावीकडचे प्रत्येक स्थान उजवीकडच्या स्थानाच्या दसपट, हा नियम बदलला नाही. मुलांना नावे पाठ असतात आणि नेमका हा नियम मनात उतरलेला नसतो, असे चित्र पुष्कळदा दिसते.

संख्या श्लोकात बसवण्यासाठी आचार्य अंकांऐवजी शब्द योजतात, आणि त्या शब्दांत आपले तत्त्वज्ञान डोकावते. रत्न म्हणजे ३, कषाय म्हणजे ४, व्रत म्हणजे ५, द्रव्य म्हणजे ६, तत्त्व म्हणजे ७, कर्म म्हणजे ८, पदार्थ म्हणजे ९. या पद्धतीत एककाचा शब्द आधी येतो आणि पुढचे शब्द डावीकडे सरकत जातात. आपण नमुन्यादाखल रत्न, द्रव्य, कषाय असे म्हटले तर एककस्थानी ३, दशकस्थानी ६ आणि शतकस्थानी ४, म्हणजे ४६३ ही संख्या होईल. बोलण्याचा हा उलटा क्रम मराठीतही आहे. त्रेसष्ट म्हणताना आपण तीन आधी उच्चारतो आणि साठ नंतर, लिहिताना मात्र ६ आधी येतो. म्हणूनच लहान मुले त्रेसष्ट ऐकून ३६ लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात साठ तीन अशी नावे आली आणि त्यावर मोठा वाद झाला, त्याचे मूळ याच अडचणीत होते. प्रस्तुत लेखकाच्या मते त्रेसष्ट हा शब्द टाकण्याचे कारण नाही. मात्र त्यातला तीन कोणत्या घरात बसतो हे मुलाकडून शंभरदा करून घेतले पाहिजे.

दुसऱ्या अधिकारात आठ परिकर्मे येतात. गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ, घन, घनमूळ, श्रेढीची बेरीज आणि श्रेढीची वजाबाकी. साध्या बेरीज-वजाबाकीस वेगळे स्थान नाही, विद्यार्थ्यास ती येतेच असे त्यांनी गृहीत धरले आहे. गुणाकारासाठी त्यांनी कपाटसंधी नावाची रीत दिली आहे. दाराच्या दोन फळ्या जुळाव्यात तसे गुणक आणि गुण्य एकाखाली एक मांडायचे आणि गुणक एकेक स्थान सरकवत न्यायचा. त्या काळी हे काम धूळ पसरलेल्या पाटीवर, अंक पुसत पुसत चाले. याशिवाय संख्येचे गुणावयव पाडून टप्प्याटप्प्याने गुणण्याची सोयही त्यांनी सांगितली आहे.

त्यांची उदाहरणे पाहावीत. एकेका जिनमंदिरात आठ कमळे अर्पण केली तर १४४ मंदिरांत किती? येथे १४४ चे १२ गुणिले १२ असे भाग करावेत. आठ बारे शहाण्णव, आणि शहाण्णवाच्या बारा पटी ११५२. पुढच्या एका उदाहरणात प्रत्येक मंदिरात १३९ पुष्कराज रत्ने आणि मंदिरे १०९. या १०९ मधले शून्य विद्यार्थ्याची परीक्षा पाहते. शतकाच्या एकास १०९ ने गुणले की १०९००, तीन दशकांचे ३२७०, नऊ एककांचे ९८१, आणि एकूण १५१५१. मोत्याआड मोती ओवावे तसे हे उत्तर दोन्ही बाजूंनी सारखेच वाचता येते. शून्याचे घर विसरून १९ ने गुणणाऱ्या मुलाच्या हाती २६४१ येतात. माळ जुळली नाही हे त्याचे त्यालाच कळते, गुरुजींच्या लाल शाईची वाट पाहावी लागत नाही.

आचार्यांचे हे मोठेपण नीट ध्यानात घ्यावे असे आहे. त्यांनी अशी अनेक उदाहरणे मुद्दाम निवडली, आणि काही उत्तरांना तर कंठातील आभूषणाची उपमा दिली. १२३४५६७९ ला ९ ने गुणले की नऊ एकांची माळ १११११११११ तयार होते. १४२८५७१४३ ला ७ ने गुणले की १००००००००१, दोन टोकांस दोन मणी आणि मध्ये शून्यांची सर. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१. ही शेवटची संख्या ते एकापासून सहापर्यंत चढणारी आणि पुन्हा क्रमाने उतरणारी अशा शब्दांत वर्णितात. स्थानमूल्य पूर्ण अंगी मुरल्यावाचून असे वर्णन सुचत नाही आणि समजतही नाही. आपल्या जुन्या मराठी शाळांत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकून घेत. त्या पाठांतराने व्यापारी पेढ्यांतील कित्येक पिढ्यांचा हिशेब चोख झाला. परंतु वारंवार चुकणारे मूल एक दिवस गणित आपल्यासाठी नाहीच असे ठरवून मोकळे होते, आणि ते भय त्याला जन्मभर सोडत नाही. त्या मुलास सराव हवाच, पण शेवटी काहीतरी सुंदर हाती लागणारा हवा. ही गोष्ट साडेअकराशे वर्षांपूर्वीच्या या आचार्यांनी जाणली होती.

शून्याविषयी त्यांनी सांगितले की शून्याने गुणता शून्य येते आणि शून्य वजा करता संख्या उणावत नाही. शून्याने भागता संख्या तशीच राहते, हे त्यांचे विधान मात्र आजच्या गणितास मान्य नाही, तो भागाकार आज अर्थहीन मानतात. ऋण संख्येला वर्गमूळ नसते हे त्यांनी स्पष्ट नोंदवले. अनेक वस्तूंतून ठरावीक वस्तू किती प्रकारे निवडता येतील याचे सामान्य सूत्र देणाऱ्या आद्य गणितज्ञांत त्यांची गणना होते.

हा ग्रंथ दक्षिणेत दीर्घकाळ शिकवला गेला, पावुलूरि मल्लन याने तो तेलुगूत आणला. १९०८ साली रोम येथील गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत अमेरिकन अभ्यासक डेव्हिड यूजीन स्मिथ यांनी त्याचा परिचय करून दिला. १९१२ साली मद्रासच्या शासकीय मुद्रणालयाने प्रा. रंगाचार्य यांचे इंग्रजी भाषांतर मूळ संस्कृतासह छापले. आणि १९६३ साली लक्ष्मीचंद्र जैन यांचा हिंदी अनुवाद प्रसिद्ध झाला, तो आपल्या सोलापुरातून, जैन संस्कृती संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत. ज्यांच्या घरी किंवा मंदिराच्या ग्रंथभांडारात ही प्रत असेल त्यांनी ती कपाटातून काढून दुसरा अधिकार उघडावा, आणि पाठशाळेतील चौथी-पाचवीच्या मुलांपुढे पाटीवर १५२२०७ ही संख्या लिहून तिला ७३ ने गुणावयास सांगावे.