दुखतो कान, मूळ घशात

जून १८८४. अमेरिकेच्या यादवी युद्धातले विजयी सेनापती आणि माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट न्यू जर्सीतल्या लाँग ब्रँचच्या घरी पीच खात होते. घास गिळताना घशात जबर कळ आली. महिनाभरापूर्वीच त्यांची भागीदारीतली पेढी बुडाली होती, होते नव्हते ते सारे गेले होते. तिथे घशाच्या दुखण्याकडे कोण पाहणार? एका डॉक्टरांनी घसा तपासून, नेहमीच्या डॉक्टरांना ताबडतोब दाखवा, असे बजावले. ते नेमके युरोपात होते. ग्रँट थांबले. कळ उजव्या कानापर्यंत जाऊ लागली. ऑक्टोबर उजाडला.

घसातज्ज्ञ जॉन डग्लस यांना दोष कानात नव्हे, जिभेच्या मुळाशी दिसला. पुढे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा कर्करोग निघाला.

घसा, टॉन्सिल आणि जिभेचे मूळ यांची संवेदना मेंदूकडे नेणारी नववी मज्जारज्जू-नव्हे, मेंदूतून थेट निघणारी नस मधल्या कानालाही फाटा देते. त्यामुळे कळ घशातली, पण मेंदूला ती कानातली वाटते. बहुतेकदा कारण साधे असते: सुजलेले टॉन्सिल, अक्कलदाढ, जबड्याचा सांधा, सर्दीने तुंबलेली कान-घशामधली नळी. उपचार त्या मूळ कारणावर करायचा. कानात गरम तेल ओतणे तर मुळीच नको. मात्र कान तपासणीत निर्दोष असेल, दुखणे एकाच बाजूचे असेल आणि तीन आठवडे हटत नसेल, तर दुर्बिणीने घसा पाहून घ्यावा. तंबाखू, विडी, मिश्री, गुटखा घेणाऱ्यांनी तर टाळाटाळ करूच नये.

ग्रँट यांना सिगारचे वेड होते. १८६२ मध्ये फोर्ट डोनेल्सन जिंकल्यावर लोकांनी त्यांना हजारो सिगार भेट पाठवल्या, आणि ते ओढत गेले. कौतुकाने दिलेले विषच ते.

शस्त्रक्रिया शक्य नव्हती. घशाला बधिर करण्यासाठी कोकेनचे द्रावण लावत. स्थानिक भूल म्हणून त्याचा उपयोग त्याच वर्षी कळला होता. पाणी गिळणेही असह्य झाले, आवाज गेला, तेव्हा ते चिठ्ठ्या लिहून बोलत. कुटुंबासाठी पैसा हवा म्हणून आत्मचरित्र मात्र लिहीत राहिले. ते पूर्ण झाल्यावर काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजी, ते गेले. मार्क ट्वेन यांच्या प्रकाशनसंस्थेने ते छापले. पत्नी ज्युलिया यांना त्यातून चार लाखांहून अधिक डॉलर मिळाले.