अरण्यातील भग्न देवळांचा निर्माता

घनदाट अरण्य, त्यातून वाहणारी काळ्या पाण्याची नदी, काठावर वेलींनी गिळलेले भग्न नगर आणि त्यात विस्मृत वंशाने उभारलेली वेदी. अद्‍भुतकथांच्या वाचकाला हे दृश्य आज सुपरिचित आहे. ते लोकप्रिय करण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या रॉबर्ट ई. हॉवर्ड यांचे जवळजवळ सारे आयुष्य मात्र अमेरिकेतील टेक्सास प्रांताच्या रुक्ष माळरानावर गेले.

२२ जानेवारी १९०६ रोजी पीस्टर या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील आयझॅक डॉक्टर होते. त्यांच्या भटक्या व्यवसायामुळे कुटुंब गावोगाव फिरले आणि १९१९ मध्ये क्रॉस प्लेन्स येथे स्थिरावले. त्या भागात तेल सापडले, तशी माणसांची झुंबड उडाली. पैसा आला, गुन्हेगारी आली आणि तेल ओसरताच सारे ओस पडले. संस्कृती हा क्षणिक मुलामा असून रानटीपण हीच मानवाची मूळ अवस्था होय, हा त्यांच्या लेखनातील विचार या अनुभवाने पक्का केला.

१९२५ मध्ये ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात त्यांची पहिली कथा छापून आली. डिसेंबर १९३२ मध्ये त्याच मासिकातून कोनन हा सिमेरियाचा रांगडा योद्धा अवतरला. त्याच्यासाठी हॉवर्ड यांनी हायबोरियन युग नावाचा प्रागैतिहासिक कालखंडच रचला. त्याला भूगोल दिला, राज्ये दिली आणि दैवतेही दिली. स्टिजियात सर्परूपी सेट या तमोदेवतेची उपासना चालते, तर कोननचा स्वतःचा देव क्रोम भक्तांच्या प्रार्थनेकडे ढुंकूनही पाहत नाही. १९३४ मधील ‘क्वीन ऑफ द ब्लॅक कोस्ट’ या कथेत कोनन आणि त्याची प्रेयसी बेलिट झारखेबा नदीतून अशाच एका उद्ध्वस्त नगरात पोहोचतात. वेदीखालचे धन हाती लागते; पण बेलिट प्राणास मुकते. कृष्णवर्णीयांच्या चित्रणात त्या काळचा वंशद्वेष उघड दिसतो आणि आजच्या वाचकाला तो खटकतो, हेही नमूद केले पाहिजे.

कल्पित जगात अमाप धन वाटणाऱ्या या लेखकाच्या वाट्याला प्रत्यक्षात ओढाताण आली. आई हेस्टर क्षयाने खंगत होती. औषधोपचाराचा खर्च वाढत होता आणि मासिकाकडे त्यांचे एक हजार डॉलरहून अधिक मानधन थकले होते. टंकलेखन यंत्रावर रात्रंदिवस काम करीत, मुष्टियुद्धाच्या आणि विनोदी कथाही लिहीत त्यांनी घर सांभाळले, आईची शुश्रूषा केली. ११ जून १९३६ रोजी आई शुद्धीवर येण्याची आशा उरली नाही, हे कळताच वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी त्यांनी जीवन संपविले. दुसऱ्या दिवशी आईही गेली. ब्राउनवूड येथे मायलेकांचा अंत्यविधी एकत्रच झाला.

हयातीत त्यांचे एकही पुस्तक प्रसिद्ध झाले नाही. १९६६ पासून स्वस्त आवृत्त्यांनी, १९७० पासून चित्रकथांनी आणि १९८२ च्या चित्रपटाने कोनन जगभर पोहोचला. क्रॉस प्लेन्समधील त्यांचे घर पुढे संग्रहालय झाले. ज्या चिमुकल्या खोलीत अरण्ये, नगरे आणि काळे देव जन्मले, ती खोली पाहून त्यांचा वाचक आजही थबकतो.